आपण भारतात, मांजर घरी

मुलांनो, जुलैच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागेल. ज्यांची तिकिटे काढून झाली आहेत त्यांच्या घरी बॅगा माळ्यावरून खाली आल्या असतील. आजी-आजोबा वाट पाहत आहेत, मावसभावंडांचे फोनवर बेत चालले आहेत. पण काही घरांत एक जण असा आहे की त्याला यातले काहीच ठाऊक नाही. तो उघड्या बॅगेत जाऊन बसतो आणि त्याला वाटते, ही आपल्यासाठीच आणली. या वेळचा पाठ त्याच्याविषयी आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण त्यातली काही कामे मुलांची नाहीत.

आधी थोडे व्याकरण. ‘मांजर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे : ते मांजर, ती मांजरे. नर असेल तर तो बोका, अनेक असतील तर ते बोके. मादीला मांजरी म्हणतात. भाटी असाही एक जुना शब्द आहे. पिल्लू पुन्हा नपुंसकलिंगी. इंग्रजीत कोणाच्या लाडक्या मांजराला ‘इट’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाईट वाटते. मराठीत ‘ते’ म्हणण्यात काही तुटकपणा नाही. आपण ‘ते मूल’, ‘ते बाळ’ असेच म्हणतो. आपल्या पाठातला मात्र बोका आहे. त्याचे नाव बंड्या.

“बंड्याला बरोबर नेऊ या!” हे प्रत्येक घरी एकदा तरी म्हटले जाते. नेणे जमेलही, पण परत आणणे कठीण. भारतात रेबीज आहे. ब्रिटनमधल्या कुत्र्या-मांजरांत तो नाही आणि येऊ नये म्हणून नियम कडक आहेत. २००० सालापर्यंत बाहेरून येणाऱ्या मांजराला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. त्या वर्षीपासून नियम सैल होत गेले. तरी आजही भारतातून मांजर आणायचे तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि त्याची सर्व कागदपत्रे लागतात. त्यात काही अपुरे राहिले तर चार महिन्यांपर्यंत विलगीकरण, तेही मालकाच्या खर्चाने. शिवाय विमानाने इकडे येणारे मांजर आपल्या मांडीवर बसून येत नाही, ते मालाच्या कक्षातून येते. कायमचे राहायला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ही खटपट जरूर करावी. पाच आठवड्यांच्या सुट्टीसाठी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी माणसे म्हणतात, कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला. हे पूर्ण खरे नाही, मांजरालाही माणसांचा लळा लागतोच. पण ओळखीची जागा, तिथले वास आणि रोजच्या वेळा सुटल्या की ते बावरते, एवढे खरे.

तेव्हा बंड्या इथेच राहणार. आता तो स्वतःच्या घरी राहील की कॅटरीत?

कॅटरी म्हणजे मांजरांचे वसतिगृह. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांप्रमाणे कॅटरीला कौन्सिलचा परवाना लागतो आणि तपासणीनंतर एक ते पाच तारे मिळतात. परवाना लोकांना दिसेल असा लावलेला असतो, तो पाहून यावे. दोन वेगवेगळ्या घरची मांजरे एका खणात ठेवायला मनाई आहे. लशींचा दाखला बहुतेक सगळीकडे मागतात. बूस्टर चुकलेला असेल तर लस पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागू शकते, म्हणजे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने. म्हणून हे काम निघायच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. ऑगस्टमधल्या जागाही लवकर भरतात. आधी दोन दिवस ठेवून पाहिले तर बंड्याला ते मानवते की नाही, हे कळते. जाताना घरातली त्याची न धुतलेली चादर बरोबर द्यावी. त्या वासाने त्याला धीर येतो.

दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या गल्लीतल्या काकू. रोज दोनदा येऊन खाणे घालायचे, पाणी बदलायचे, लिटर ट्रे साफ करायचा, थोडा वेळ बसायचे. धडधाकट, मोठ्या मांजराला हेच बरे पडते. पण हिशेब करून पाहा. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस, दिवसाला दोन म्हणजे सत्तर फेऱ्या! “काय, येता-जाता बघा जरा” असे म्हणून सत्तर फेऱ्या कोणाच्या गळ्यात घालू नयेत. दोन घरे मिळून वाटून घेतील असे पाहावे आणि कोण कोणत्या वारी येणार ते लिहून ठेवावे. नाहीतर दोघांनाही वाटते, दुसरे गेले असतील. बंड्याला मधुमेहाचे इंजेक्शन किंवा रोजचे औषध असेल तर ते देता येणारी कॅटरी किंवा घरी येऊन राहणारे माहीतगार माणूस शोधावे.

काकू प्रेमळ असतात, आणि प्रेमळ माणसाला वाटते की मांजराला दूधभात घालावा. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. कांदा आणि लसूण मांजराला विषारी आहेत, म्हणून आमटी कालवलेला भातही नको. शाकाहारी घरांतही मांजर मांसाहारीच असते. त्याला टॉरीन नावाचा घटक खाण्यातून मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडते. हृदयाचा संबंध १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिला. मांजराच्या पाकिटबंद खाण्यात टॉरीन घातलेले असते. आपल्यासाठीची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आणि लिलीची फुले घरात अजिबात नकोत. निरोपाला कोणी गुच्छ आणला आणि त्यात लिली असली तर तो घरात ठेवून निघू नका. अंगाला लागलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता भाषेचे खरे काम. आपण पुण्यात किंवा कोल्हापुरात असणार आणि काकू फोनवर सांगणार. “बंड्या कसा आहे?” “बरा आहे.” यातून काहीच कळत नाही. म्हणून पुढचे शब्दप्रयोग नीट शिका. रोज पायात घोटाळणारा बोका कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे, म्हणजे त्याला काहीतरी दुखते आहे किंवा तो घाबरला आहे. खाण्याला तोंड लावत नाही, म्हणजे एक घासही खात नाही. फिस्कारतो, म्हणजे जवळ येऊ नका म्हणून फिस्स करतो. बोचकारतो, म्हणजे नखांनी ओरबाडतो. मलूल दिसतो, म्हणजे अंगात त्राण नाही. गुरगुरणे सुखाचे असते, पण आजारी मांजरही कधी कधी गुरगुरते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. काकूंना असे विचारा : आज किती खाल्ले? ट्रेमध्ये लघवी झाली होती का? रोजच्यासारखा दारापर्यंत आला का?

दोन गोष्टींत थांबायचे नाही. मांजराने चोवीस तास खाण्याला तोंड लावले नाही तर व्हेटला फोन करायचा. काही दिवस उपाशी राहिले तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर चरबी चढते आणि ते जिवावर बेतू शकते. दुसरी गोष्ट बोक्यांची. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही, तर वाट अडली असण्याची शक्यता असते. मग उद्या सकाळपर्यंतही थांबू नये. रात्र असली तरी तातडीच्या दवाखान्यात न्यावे.

आता काकूंसाठी चिठ्ठी. ती मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायची.

“काकू, नमस्कार. बंड्याला सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता एकेक पाकीट द्या. पाणी रोज बदला. ट्रेमधली घाण रोज काढा. दूध देऊ नका. मागच्या खोलीचे दार लावू नका, तो आत कोंडला जाईल. दिसला नाही तर हाक मारा आणि खाण्याचा डबा वाजवा. चोवीस तास काही खाल्ले नाही तर व्हेटला फोन करा. आमच्या फोनची वाट पाहू नका.”

द्या, बदला, काढा हे आज्ञार्थ आहेत, पण ‘तुम्ही’ धरून आलेले, म्हणून ते काकूंना शोभतात. हीच चिठ्ठी मोठ्या ताईला असेल तर दे, बदल, काढ. फ्रिजवर सर्वांसाठी सूचना लावायची असेल तर विध्यर्थ वापरा, आणि तिथे सांभाळा, क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : पाणी बदलावे, घाण काढावी, ट्रे धुवावा. नकार : देऊ नये, लावू नये.

चिठ्ठीतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते खरे ठरवणे पालकांच्या हाती आहे. उन्हाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो. इथे रात्री अकरा वाजता बंड्याला दवाखान्यात नेले तर तिकडे पहाटेचे साडेतीन, तुम्ही झोपेत किंवा रेल्वेत. वेदना थांबवण्यापुरते तातडीचे उपचार व्हेट करतात, पण मोठ्या शस्त्रक्रियेआधी मालकाची संमती विचारतात. बिचाऱ्या काकू काय सांगणार? म्हणून निघण्यापूर्वी आपल्या व्हेटकडे इंग्रजीत लेखी द्या : आमच्या अनुपस्थितीत अमुक व्यक्ती निर्णय घेईल, इतक्या पौंडांपर्यंत न विचारता खर्च करावा, पैसे असे मिळतील. विम्याचा क्रमांकही लिहा. आणि उपाय उरला नाही, मांजराला फक्त त्रासच होतो आहे, अशी वेळ आली तर काय करायचे, तेही काकूंशी आधी बोलून ठेवा. हे बोलणे अवघड वाटते, पण न बोलता गेलात तर तो निर्णय त्यांच्यावर एकट्यांवर पडतो. मुलांनाही हे सांगावे. आम्ही वर्गात विचारले तेव्हा मुले मोठ्यांपेक्षा नीट बोलली.

२००६ च्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये मालक दूर असला तरी जबाबदार असतो, आणि तात्पुरते सांभाळणारेही. सोळा वर्षांखालच्या मुलाचे मांजर असेल तर जबाबदारी त्याच्या पालकांची.

मायक्रोचिपचेही पाहा. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये वीस आठवड्यांवरील पाळीव मांजराला ती सक्तीची आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. फोन नंबर नोंदणीत असतो. तो जुना असेल तर बदलून घ्या आणि चालत असेल तिथे काकूंचाही नंबर द्या.

स्वाध्याय

१. आपल्या किंवा शेजारच्या मांजरासाठी आठ वाक्यांची चिठ्ठी लिहा. दोन वाक्यांत ‘नका’ आले पाहिजे.

२. तीच चिठ्ठी विध्यर्थात लिहा.

३. जोडीने संभाषण करा. एकाने भारतातून फोन करायचा, दुसऱ्याने काकू व्हायचे. काकूंनी ‘बरा आहे’ हे शब्द वापरायचे नाहीत.

४. पालकांसाठी : व्हेटला द्यायचे पत्र तयार करून त्याची एक प्रत काकूंकडे द्या. मुलांनी लिहिलेली चिठ्ठी पुढच्या वर्गाला आणावी.