सरपणातील पाणी आणि खोलीतील हवा
(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

काश्मीरचा हिवाळा शिकविताना बुखारीचा उल्लेख ओघाने येतो. बुखारी म्हणजे पत्र्याची बंद शेगडी. तीत लाकडे जळतात व धूर नळीवाटे छपराबाहेर जातो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या ‘चिल्लई कलान’च्या कडाक्यात तेथील कित्येक घरे तिच्यावर ऊब घेतात. शिक्षकबंधुभगिनींनी हा उल्लेख एका वाक्यात उरकू नये. भूगोल, विज्ञान आणि आपल्या घरची चूल यांची गाठ येथेच पडते.

बुखारी पेटली की ओठ फुटतात, घसा सुकतो. विस्तव हवेतील पाणी पितो, असे मुले सहज म्हणतील. तसे नाही. थंड हवेत बाष्प मुळातच फार थोडे मावते. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ४.८ ग्रॅम, तर २० अंशांस सुमारे १७.३ ग्रॅम. बाहेरची शून्य अंशाची तुडुंब ओली हवा फटींतून आत आली आणि २० अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहते. मात्र तिची सापेक्ष आर्द्रता १०० वरून सुमारे २८ टक्क्यांवर उतरते. माणसास ४० ते ६० टक्के सोसवते. शिवाय जळणासाठी शेगडी खोलीतील हवा ओढून नळीवाटे बाहेर घालविते व तिच्या जागी पुन्हा थंड हवा येते.

म्हणून बुखारीवर पाण्याचे भांडे ठेवतात. त्याचा उपयोग किती, हे गणिताच्या तासाला काढावे. खोली ४० घनमीटरांची, हवा तासाला एकदा बदलते आणि आर्द्रता २८ वरून ४५ टक्क्यांवर न्यावयाची आहे. उत्तर सुमारे १२० ग्रॅम येते. म्हणजे तासाला एक लहान पेलाभर पाण्याची वाफ व्हावयास हवी. मात्र खिडकीच्या काचेवर थेंब ओघळू लागले की भांडे उतरवावे. अधिक ओलीने भिंतीस बुरशी येते.

मग ओलेच सरपण जाळले तर हवा ओलसर होणार नाही काय? हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही, तर शिक्षकांनी विचारावा. ओल्या लाकडाची वाफ नळीवाटे निघून जाते. खोलीच्या वाट्यास काही येत नाही. हानी मात्र पदरी पडते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असते. पूर्ण कोरडे लाकूड किलोमागे सुमारे ४४०० किलोकॅलरी उष्णता देते. अर्धे पाणी असलेल्या किलोभर लाकडाकडून २२०० मिळावयाच्या. त्यांतील सुमारे ३१० अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यात खर्च होतात. एवढ्यावर भागले असते तर ओले सरपण चालवून घेता आले असते. खरा तोटा असा की विस्तव थंड राहतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि ते धुराच्या रूपाने निसटतात. तो धूर नळीत थिजून डांबरासारखा चिकट थर धरतो. हा थर पुढे पेट घेतो. नळी लाकडी छपरातून गेलेली असेल तर घरावर संकट येते. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइडही निपजतो. त्यास रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, पुढे गुंगी येते. झोपताना फटी बुजवून शेगडी धुमसत ठेवणे यासाठीच घातक आहे.

आपल्याकडे गॅस आलेल्या घरांतही चूल सर्वत्र विझलेली नाही. आपल्या पुष्कळ चुलींना धुराडे नसते, म्हणून वाफ आणि धूर दोन्ही आत कोंडतात, आणि ते चुलीपाशी बसलेल्या आईच्या व मांडीवरील मुलाच्या छातीत जातात. बाभूळ, खैर, धावडा ही जड लाकडे. पांगारा, सावर हलकी. किलोस किलो तोलली तर त्यांच्या उष्णतेत फारसा भेद नाही. जड लाकूड थोड्या जागेत अधिक मावते आणि त्याचा निखारा टिकतो, इतकेच. जातीपेक्षा वाळवणीकडे लक्ष द्यावे. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून व बाजू मोकळ्या ठेवून रचावे. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली यावे. वाळलेले तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात. ओले बद्द वाजतात. १०० किलो ओले लाकूड (५० टक्के पाणी) २० टक्क्यांवर येईतो साडेसदतीस किलो पाणी सोडते. ही वाळवण बंद खोलीत केली तर ते सारे पाणी भिंतींत जाते.

प्रयोगासाठी बाभळीचा ताजा, फोडलेला तुकडा घ्यावा. दुकानातील तराजूवर दर शनिवारी तोलून वजन तक्त्यावर मांडावे व तो उन्हात ठेवावा. वजन उतरणे थांबले की तुकडा वर्गात ठेवावा आणि आषाढात पुन्हा तोलावा. वजन थोडे वाढलेले आढळेल. ते का, हे मुलांनीच सांगावे.