न्याहारीचा वाडगा

ठाणे, 12 मे

चि. मृण्मयी,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. करवंटीत जांभळ्या रंगाचं घट्ट काहीतरी, वर केळ्याचे काप, बिया, सुकं खोबरं, आणि ‘भरपूर प्रोटीन’ अशी पाटी. ‘आत्या, हे आपल्या वरसे गावात करता येईल का?’ असं तू विचारलंस. नक्की येईल, आणि त्याहून चांगलं येईल. फक्त त्या व्हिडिओतल्या वाडग्यात प्रथिन जवळपास नाहीच, हे आधी समजून घे. इतकी वर्षं रुग्णालयात लोकांचा आहार ठरवत आले, म्हणून सांगते: फळांतून प्रथिन मिळत नाही. एका केळ्यात जेमतेम 1 ग्रॅम. आंबा, चिकू, पपई यांत 100 ग्रॅमला तेवढंही नसतं. फळ घालायचं ते चवीसाठी, जीवनसत्त्वांसाठी आणि मैदानावरून दमून आल्यावर लागणाऱ्या साखरेसाठी. प्रथिन दुसरीकडून आणावं लागतं, आणि ते सगळं आपल्या घरात आहे.

आता तुझा हिशोब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं. रोज सकाळी कबड्डीचा सराव करणाऱ्या मुलीला निदान 1.2 धरावं. तुझं वजन 50 किलो, म्हणजे दिवसाला 60 ग्रॅम. आपल्या घरची न्याहारी म्हणजे पोहे, घावन, नाहीतर तांदळाची भाकरी आणि चहा. पोह्यांना मी नावं ठेवणार नाही, पेणच्या पोह्यांवर तर मी वाढले. पण बशीभर पोह्यांत दाणे घालूनही 5-6 ग्रॅमच्या पुढे मजल जात नाही. मग 60 ग्रॅमचा सगळा भार दुपार-रात्रीच्या जेवणावर पडतो आणि तिथे तू भातच जास्त घेतेस. म्हणून सकाळीच 25 ग्रॅम पोटात जावं असं मला वाटतं.

त्यासाठी रात्री निजण्याआधी एक काम कर. रतिबाच्या म्हशीच्या दुधाचं दही लावलेलं असतंच. त्यातलं अर्धा किलो स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांध, चाळणीत ठेव, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. मे महिन्यात खुंटीला टांगलंस तर सकाळपर्यंत आंबट ढाण होईल. सकाळी फडकं उघडलंस की चक्का फडक्यापासून सहज सुटतो, बोटाने उचलला तर पडत नाही. तेवढा घट्ट हवा. अशा चक्क्यात 100 ग्रॅमला साधारण 8 ते 10 ग्रॅम प्रथिन असतं, साध्या दह्याच्या अडीच-तीन पट. खाली उरलेलं पाणी आमटीत घाल नाहीतर भाकरीच्या पिठात. तुझ्या संघातली मुलं ज्या पावडरीच्या डब्यासाठी पैसे साठवताहेत, तीही चीज करताना उरणाऱ्या अशाच पाण्यातून काढतात. पण आपल्या पातेल्यातल्या पाण्यात प्रथिन फार थोडं, तेव्हा ते पिऊन ताकद येईल असं समजू नकोस. आणि त्या डब्याच्या मागे लागू नकोस. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत राष्ट्रीय पोषण संस्थेनेच शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळा असंच सांगितलं आहे.

सकाळी मिक्सरच्या भांड्यात दीडशे ग्रॅम चक्का, मूठभर डाळं (वजनाने 30 ग्रॅम), 20 ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे. डाळं आणि दाणे आधी कोरडेच बारीक करून घे, नाहीतर दाताखाली कण येतात. मग चक्का, मग फळ, आणि पातं फिरण्यापुरतं दूध, अर्ध्या वाटीहूनही कमी. बर्फ नको, पाणी सुटतं. थंड हवं असेल तर पिकलेल्या वेलची केळ्यांचे काप आदल्या रात्री डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेव. तेच दाटपणाही आणतात. मिक्सर सलग फिरवू नकोस, थांबत थांबत दोन-तीनदा फिरव. चिमूटभर मीठ घाल, साखर बिलकूल नको. चमचा उभा राहिला की झालं. बेरीज करून बघ: चक्क्यातून 12-13, डाळ्यांतून 6, दाण्यांतून 5, दूध आणि केळं मिळून 2. झाले 25.

प्यायचं नाही, चमच्याने खायचं, आणि वर काहीतरी चावायला घ्यायचं. प्यायलेलं पटकन पोटात जातं आणि दहा वाजता पुन्हा भूक लागते. चावण्यासाठी पेणचे पातळ पोहे कोरडे कुरकुरीत भाजून डब्यात भरून ठेव. व्हिडिओतल्या त्या परदेशी बियांऐवजी सब्जा पंधरा मिनिटं भिजवून घाल. नाचणीचं सत्त्व शिजवून, गार करून दोन चमचे घातलंस तर फारच उत्तम. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तुझ्या वयात हाडं अजून भरताहेत.

त्या जांभळ्या रंगाचं सांगते. ते आसाई नावाचं ब्राझीलमधलं ताडाच्या जातीचं फळ. ॲमेझॉनच्या मुखाकडच्या पारा प्रांतात लोक त्याचा गर बिनसाखरेचा खातात, ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो त्याच कंदाच्या पिठाबरोबर आणि तळलेल्या माशाबरोबर. नदीकाठच्या माणसांचं ते रोजचं जेवण. पुढे रिओकडच्या कुस्तीगिरांनी आणि समुद्रावर खेळणाऱ्या पोरांनी ते गोठवून, केळं घालून, गोड करून घेतलं आणि तिथून ते जगभर गेलं. म्हणजे त्यांनी त्यांच्या काठावर पिकणारंच वाडग्यात घातलं. तूही कुंडलिकेच्या काठची पोर आहेस. रोह्याच्या बाजारात आता कातकरणी जांभळं घेऊन बसू लागतील. वाटाभर घे, हातानेच कुस्करून बिया काढ, गर चक्क्यात घाल. रंग व्हिडिओतल्यापेक्षा गडद येईल. करवंदंही चालतात, पण त्यांचा गर गाळून घे. पाऊस लागला की ही फळं संपतात. तेव्हा केळं आहे, पपई आहे, थंडीत चिकू. कलिंगड मात्र यात घालू नकोस. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर तुमच्याकडे उन्हाळाभर मळे पिकतात, कलिंगड स्वस्त आणि गोड मिळतं, हे सगळं खरं. पण त्याने वाडग्याचं पाणी होतं. ते दुपारी नुसतं खा.

पपईची एक खोड लक्षात ठेव. तिच्यात प्रथिन तोडणारा एक पाचक रस असतो. पपई दह्यात कालवून ठेवलीस तर तासाभरात कडवट चव येते. अननसाचंही तसंच. घातली की लगेच खाऊन टाक, कॉलेजला डब्यात नेऊ नकोस.

आणखी दोन गोष्टी मुळीच करायच्या नाहीत. बिरड्यासाठी मोड आणलेले वाल कच्चे मिक्सरमध्ये घालायचे नाहीत. वालात प्रथिन भरपूर असतं म्हणून मोह होईल, पण कच्च्या वालात पोटाला बाधणारी द्रव्यं असतात. त्यांना शिजवणं हवंच, तेव्हा बिरडं रात्री वाटीभर जास्त घे. आणि कच्चं अंडं फोडून घालायचं नाही, कुणी पैलवान सांगो नाहीतर तुमचे प्रशिक्षक. त्याने जंतुसंसर्गाची भीती असते. अंडं उकडून शेजारी घे, त्यातून 6 ग्रॅम वेगळे मिळतील.

आई, म्हणजे तुझी आजी, दह्यात केळं पाहून म्हणेल की हा विरुद्ध आहार आहे. तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्यासमोर आंबा घालून कर. आम्रखंडासाठी चक्क्यात आंब्याचा रस तीच घालते, त्यातली साखर काढली आणि डाळं-दाणे वाढवले की तुझा वाडगा होतो. एक चमचा तिला दे. या वयात प्रथिनाची गरज तिलाही आहे आणि दात नसल्यामुळे डाळ-भातावरच तिचं भागतं. घट्ट, मऊ, गोडसर असं काही तिला आवडेल.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते. रुग्णालयात मी शेकडो मुली पाहिल्या, खेळणाऱ्याही. फिक्या, दमलेल्या, रक्त कमी असलेल्या. बहुतेकींच्या घरी दूध होतं, अंडी होती. पण ती आधी भावाच्या पुढे जात, मग बापाच्या, आणि मुलगी उरलंसुरलं खाई. कुणी मुद्दाम करत नव्हतं, घराला तशी सवय पडलेली असते. आपल्या दादाच्या घरात असं नाही हे मला ठाऊक आहे. तरी तू स्वतःच्या वाडग्याबद्दल संकोच करू नकोस. पाहुणे आले, सण आला, वहिनीची घाई झाली, तरी तुझा चक्का तू बाजूला काढून ठेव.

आणि तुझ्या संघातल्या मुलींकडे बघ. वाडीवरून चालत येणाऱ्या ज्या दोघी आहेत असं तू म्हणालीस, त्यांच्या घरी मिक्सर आणि फ्रिज असतीलच असं नाही. त्यांच्यासाठी हेच साधं करता येतं: डाळ्यांचं आणि भाजलेल्या दाण्यांचं कूट डब्यात भरून ठेवायचं, सरावानंतर दोन मुठी वाडग्यात घ्यायचं, त्यात कुस्करलेलं केळं आणि वाटीभर दही कालवायचं. दोन मिनिटं लागतात. प्रथिन 15-16 ग्रॅमपर्यंत जातं आणि खर्च वडापाव-चहाच्या आसपास येतो. तुमच्या सरांशी बोल, मैदानावर असा एक डबा सगळ्यांसाठी ठेवता येईल. पहिल्या दोन महिन्यांचे डाळं-दाणे माझ्याकडून.

सरावाआधी भरल्या पोटी धावू नकोस. उठल्यावर अर्धं केळं आणि पाणी, मैदानावरून आल्यावर तासाभरात वाडगा.

दादा परवा ठाण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर छोटा वजनकाटा आणि मलमलीची दोन फडकी पाठवते. सुरुवातीचे काही दिवस सगळं काट्यावर मोजून घे, मग मुठीचा अंदाज येतो. चक्का किती निघाला ते मला फोनवर कळव. अर्ध्या किलोतून दोनशे ग्रॅमपेक्षा फार जास्त निघाला तर दही नीट गळलेलं नाही, फडकं आणखी घट्ट पिळून बांध.

आईला नमस्कार सांग, वहिनीला आठवण.

तुझी
आत्या