मार्जिन कुठे बुडते? वेबपेजचा एक हिशेब

व्यापारी बंधूंनो, मार्जिन म्हटले की आपल्याला नफा आठवतो. वेबपेजच्या कामात मात्र मार्जिन म्हणजे पेटीबाहेर सोडलेली मोकळी जागा. फोटो, भाव, मजकूर, प्रत्येकाची एक पेटी धरतात. या पेट्यांची मांडणी सीएसएसच्या नियमांनी होते. हे नियम पहिल्यांदा १९९६ साली मंजूर झाले.

आम्ही दुकानाचे पेज घरीच तयार केले. वर थानाचा फोटो, खाली त्याचा भाव, मग पुढचा फोटो. फोटोच्या पेटीला वर २० आणि खाली २० पिक्सेल मार्जिन दिले. भावाच्या पेटीला फक्त खाली २०. आमचा हिशेब असा, की फोटो आणि त्याचा भाव यांत २० आणि भाव व पुढचा फोटो यांत २० अधिक २० म्हणजे ४० जागा राहील. प्रत्यक्षात दोन्हीकडे २०च राहिली. कोणता भाव कोणत्या थानाचा हे कळेना. एका जुन्या गिऱ्हाइकाने वरच्या थानाचा भाव खालच्याचा समजून मागणी दिली. फरक आम्हाला सोसावा लागला.

सबक असा: वरखाली लागून असलेल्या दोन पेट्यांची मार्जिने बेरजेत धरली जात नाहीत. त्यांतले मोठे तेवढे राहते, लहान त्यात विरून जाते. ३० आणि २० असतील तर अंतर ३०. एक मार्जिन उणे असेल तर मात्र वजाबाकी होते: ३० आणि उणे १० असतील तर २०. डाव्या-उजव्या मार्जिनांना हा नियम लागू नाही, तिथे सरळ बेरीज होते.

नियम निरर्थक नाही. प्रत्येक परिच्छेदाला वर आणि खाली जागा दिली, तर बेरजेने मधली जागा दुप्पट होऊन मजकूर विसविशीत दिसला असता.

दुसरी फसगत पेटीतल्या पेटीची. दुकानाच्या नावाला रंगीत पट्टीत ठेवून वर २० मार्जिन दिले. नाव पट्टीच्या वरच्या कडेलाच चिकटले आणि सगळी पट्टी २० खाली सरकली. बाहेरच्या पेटीला वरून बॉर्डर किंवा पॅडिंग नसेल, तर आतल्या पहिल्या पेटीचे मार्जिन असे बाहेर निसटते.

उपाय सोपे आहेत:

१) मधले अंतर ४० हवे तर भावाच्या खालचे मार्जिनच ४० करा. मोठे तेच टिकेल.

२) पट्टीला मार्जिनऐवजी आतून पॅडिंग द्या, किंवा तिला ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ लावा.

३) फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणीत ठेवलेल्या पेट्यांची मार्जिने एकमेकांत विरत नाहीत. तिथे ‘गॅप’ लिहून अंतर ठरवता येते.

पेज दुसऱ्याकडून करून घेतले तरी भाव आणि माल यांतले अंतर स्वतः तपासा. दुकानात आपण भावाची चिठ्ठी मालालाच लावतो, पेजवरही ती त्याच मालाजवळ दिसली पाहिजे.