कारागिराच्या कंबर-गुडघ्याचा हिशेब

धुळ्याच्या यंत्रमागावर कारागीर तासन्‌तास उभा असतो. तुटलेली तार जोडायला वाकतो, कांडी बदलतो, बीम चढवायला हात लावतो. जळगावच्या चटई कारखान्यातही वाकणे-उचलणे चालूच. आम्ही व्यापारी सुताच्या भावाचा हिशेब ठेवतो. पण ज्या अंगमेहनतीवर माल निघतो, तिचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. कंबर गेली की कारागिराची मजुरी जाते आणि धंद्यातला हुन्नरही जातो.

हालचाल मोजण्याच्या जुन्या पद्धतीत अंगावर चकाकणारे गोळे चिकटवून प्रयोगशाळेतल्या अनेक खास कॅमेऱ्यांनी चित्रण करतात. हा खर्च लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली ‘ओपनकॅप’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात गोळे लागत नाहीत. दोन आयफोन स्टँडवर दोन बाजूंना लावतात. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद ठेवून कॅमेऱ्यांची जागा निश्चित करतात. मग संगणक दोन्ही चित्रणांतून खांदा, कंबर, गुडघा, घोटा ओळखतो. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळते, तसेच हे. पुढे ‘ओपनसिम’ हा प्रोग्राम हाडे व स्नायूंचा नमुना चालवून सांधा किती वाकला, त्यावर किती भार आला, याचा अंदाज देतो. १०० जणांवरील चाचणीत प्रयोगशाळेपेक्षा हे काम २५ पट लवकर आणि १ टक्क्याहून कमी खर्चात झाले.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१) मूळ पडताळणी चालणे, उठबस, खुर्चीवरून उठणे, उडी अशा हालचालींवर झाली. मागाआड अंग झाकले की मोजमाप चुकते.

२) बोटांचे बारीक काम यात धरले जात नाही. तार जोडण्याची गाठ त्यात सापडणार नाही.

३) ढगळ कुडता-लुंगीत सांधे दिसत नाहीत; अंगासरशी कपडे हवेत.

संशोधनासाठी ही पद्धत मोफत आहे. म्हणून कारखानदार बंधूंनी जवळच्या अभियांत्रिकी किंवा फिजिओथेरपी महाविद्यालयाशी बोलावे. बीम उचलणे, गाठोडे उचलणे ही कामे मोकळ्या जागेत करवून चित्रण घ्यावे आणि त्यावरून ओट्याची उंची ठरवावी. कारागिराची परवानगी आधी घ्यावी, निष्कर्ष त्यालाही दाखवावा. या मोजमापावरून मजुरी कापायची असेल, तर कॅमेरा न लावलेलाच बरा. दुखणे असेल तर डॉक्टरच हवा.