कातडीचा तुकडा तपासताना



त्वचारोगांच्या स्लाइडांवर स्वतःच्या सहीने अभिप्राय देण्याचा अधिकार तुला मिळाला, हे तुझ्या पत्रात वाचून परम संतोष झाला. परंतु त्याच पत्रातील ‘जंतू आढळले नाहीत, सबब कुष्ठरोग नाही’ हे वाक्य मनाला लागून राहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्वचेच्या एक ग्रॅम भागात सुमारे 10,000 जंतू असल्याखेरीज एखादाही दृष्टीस पडणे दुरापास्त असते, आणि ट्यूबरक्युलॉइड प्रकारात तर शरीर त्यांचा इतका निःपात करते, की जंतूंचा अभाव हाच तेथील नियम होय. शिवाय हा जंतू आम्लापुढे क्षयाच्या जंतूइतका टिकाव धरीत नाही. झायलीनने त्याचे मेणचट आवरण क्षीण होते आणि नेहमीच्या झील-नेल्सन पद्धतीत घेतलेला रंगही तो सोडून देतो. म्हणूनच फाइट-फॅराको पद्धतीत झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात व आम्ल सौम्य ठेवतात. रंजन कोणत्या रीतीने झाले याची चौकशी न करता नकारार्थी शेरा मारणे म्हणजे साक्षीदारास न बोलावताच फिर्याद खारीज करणे होय.

खरा पुरावा मज्जातंतूपाशी शोधावा. ग्रॅन्युलोमा त्वचेच्या क्षयात असतो, सारकॉइडमध्येही असतो. कुष्ठरोगात मात्र तो तंतूच्या वाटेने लांबट पसरतो व त्यालाच पोखरतो, कित्येकदा इतका की एस-100 रंजनाखेरीज त्याचे अवशेषही ओळखू येत नाहीत. तुकडा चरबीपर्यंत खोल नसेल, तर तंतू हातीच लागत नाही. याच्या उलट, वेड यांनी 1963 साली वर्णिलेल्या हिस्टॉइड प्रकारात जंतूंची रेलचेल असूनही चातीसारख्या पेशींमुळे साध्या डर्मॅटोफायब्रोमाचा भास होतो, आणि जंतूंसाठी रंजन करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

निदान चुकले तर हातापायांची हानी कायमची. नसताना लादले तर संसारावर घाला. 2019 पर्यंत हा रोग हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण होता, हे विसरू नकोस.

तेव्हा संशय उरला, तर चट्ट्यावरील स्पर्शज्ञान, जाड झालेल्या नसा आणि तुकडा घेतल्याची जागा यांची माहिती रोग्याच्या डॉक्टरांकडून मागवून घे, चट्ट्याच्या सक्रिय कडेचा नवा, खोल तुकडा माग, आणि तो येईपर्यंत ‘निदान राखून ठेवले आहे’ असे लिहिण्यास यत्किंचितही संकोच करू नकोस.

तुझा,
मामा