इंजिनाचे मशिनिंग : आधी माप, मग काम



विजेच्या मोटारी आल्या तरी नदीकाठी आणि विहिरीवर डिझेल इंजिन अजून आहे. वीज गेली की उसाची पाळी त्याच्यावरच निघते. असे इंजिन धूर ओकू लागले, ऑईल खाऊ लागले, की "बोअर करून टाका" म्हणून आपण ते वर्कशॉपात सोडून येतो. पण बोअर करायचे की नाही हे धुरावरून ठरत नाही, मापावरून ठरते. ते कसे, एवढेच आज पाहू.

झीज कोठे होते? ५ अश्वशक्तीचे, ८० मि.मी. बोअरचे इंजिन घेऊ. पिस्टन अगदी वर जाऊन क्षणभर थांबतो, तेथे दाब व उष्णता सर्वांत जास्त आणि ऑईलचा थर सर्वांत पातळ. म्हणून लायनर वरच्या रिंगेपाशी जास्त झिजतो, खाली कमी. शिवाय पिस्टन एका अंगाला रेटला जातो, त्यामुळे भोक लंबगोल होते. तेव्हा बोअर गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व आडवे, अशी ६ मापे घ्यावीत. एकाच ठिकाणचे माप फसवते.

निर्णय कसा करावा? मापे इंजिनाच्या पुस्तकातील मर्यादेत असतील तर बहुधा रिंगा बदलून भागते. मर्यादा ओलांडली असेल तर दोन वाटा : ओव्हरसाईज पिस्टन घालून बोअर, किंवा नवा लायनर-पिस्टन जोड. मजुरी धरून दोन्हींचा हिशेब मांडावा. बोअरच करायचे ठरले तर पिस्टन आधी आणावा. त्याचे माप घेऊन, ठरलेली फट ठेवूनच लायनर कापायचा असतो.

लेथवर काय पाहावे? सुटा लायनर पातळ असतो. चकच्या जबड्यात करकचून आवळला तर तो दबतो. तेव्हा गोल कापला तरी सोडल्यावर वेडावाकडा होतो. बाहेरून सगळीकडून सारखा धरणारे फिक्श्चर ज्याच्याकडे आहे, त्या मिस्त्रीकडेच काम द्यावे. शेवटचा थोडा भाग होनिंगसाठी राखतात. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ऑईल धरून ठेवतात. आरशासारखा गुळगुळीत लायनर बघायला छान, पण ऑईल धरत नाही.

क्रँकचे काय? क्रँकपिन मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावी. लंबगोल झाली असेल तर ०.२५ किंवा ०.५० मि.मी. कमी करून ग्राइंड करतात. मिस्त्री त्यालाच दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात. बेअरिंग त्याच साईजचे लागते. पिन व बाजू जेथे मिळतात तो कोपरा गोलसरच राहिला पाहिजे. तो तीक्ष्ण झाला तर तेथूनच चीर जाते आणि एक दिवस क्रँक तुटतो. ऑईलच्या भोकाची धारही मोडून घ्यावी.

धुणे विसरू नका. होनिंगची बारीक भुकटी नुसत्या डिझेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लावून धुवावे. पांढरे फडके फिरवून ते काळे पडेनासे झाले की लगेच ऑईल लावावे. हे राहिले तर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत जातात आणि सगळा खर्च पाण्यात.

आणि मूळ दुखणे पाहा. शेतातली धूळ ही लायनरची कानस आहे. एअर फिल्टर फाटका किंवा त्यातले ऑईल आटलेले असेल, तर केलेले काम टिकणार नाही.

आमचे सांगणे एवढेच, की हे काम पावसाळ्यात, पाण्याची घाई नसताना काढा. एप्रिल-मेमध्ये इंजिन खोलून पडले तर उसाची पाळी चुकते, आणि ती भरून निघत नाही. कामाआधीची व नंतरची मापे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन खोलले की झीज किती झाली हे त्यावरूनच कळेल.