सिकलसेलवर मूळपेशींचा इलाज : आज काय शक्य आहे, तोवर काय करावे

शरीरातील झिजलेल्या किंवा नष्ट झालेल्या ऊती नव्याने उभ्या करू पाहणारे वैद्यक, म्हणजे पुनर्निर्माण वैद्यक, बातम्यांत येते ते बहुधा मज्जारज्जू, दृष्टिपटल किंवा गुडघ्याची कूर्चा यांच्या संदर्भात; परंतु मूळपेशींनी आजवर निर्विवादपणे बरे केलेले आजार मुख्यतः रक्ताचे आहेत, आणि रक्ताचाच एक आनुवंशिक आजार, सिकलसेल, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांच्या परिचयाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिन-विकारांवरील संशोधन केंद्र चंद्रपुरात उभे राहिले आणि 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे लोकार्पण झाले, ते यामुळेच.

मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, विभागताना स्वतःसारखी पेशी मागे ठेवते आणि विशिष्ट काम करणाऱ्या पेशीही घडवते. हाडांच्या पोकळीतील मज्जेत असलेल्या अशा पेशींपासून आयुष्यभर रक्त तयार होत राहते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराचा बदल तांबड्या पेशीला प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकवतो. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना घडवतात, आणि निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकत असताना त्या दहा-वीस दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षयही होतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेली व्यक्ती वाहक असते, तिला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात. दोघांकडून आल्यास ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार. वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते आणि म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. रुग्णाला मात्र असे संरक्षण नसते, उलट मलेरिया त्याच्या जिवावर बेतू शकतो.

दोष मज्जेतील मूळपेशीत असल्यामुळे ती पेशीच बदलली तर आजार मुळातून जातो, हे 1984 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे काहीसे योगायोगाने सिद्ध झाले. तेथे रक्ताच्या कर्करोगासाठी मज्जारोपण केलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा सिकलसेलही त्याच उपचाराने नाहीसा झाला. भारतातील पहिले मज्जारोपण त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले होते. या उपचारात रुग्णाची मज्जा तीव्र औषधांनी रिकामी करून दात्याच्या मूळपेशी शिरेतून दिल्या जातात. दात्याचे ऊतिगट, म्हणजे एचएलए, जुळावे लागतात आणि सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. भावंड एएस पॅटर्नचे असले तरी ते दाता होऊ शकते, ही बाब अनेक घरांत ठाऊक नसते. जुळणाऱ्या भावंडाकडून रोपण झालेल्या 1000 रुग्णांचा जो आंतरराष्ट्रीय आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाच वर्षांनंतर सुमारे 93 टक्के रुग्ण जिवंत होते आणि लहान वयात रोपण झालेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. तरीही मृत्यूचा धोका, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला आणि पुढील आयुष्यातील वंध्यत्व यांची चर्चा झाल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये. रोपणानंतर कित्येक महिने प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्या काळात पावसाळ्यात पुराने तुटणाऱ्या भामरागडच्या एखाद्या गावी परतणे धोक्याचे असल्याने रुग्णालयाजवळच्या मुक्कामाचा खर्च आधीच हिशेबात धरावा लागतो.

दाता नसलेल्यांसाठी दुसरी वाट नुकतीच खुली झाली आहे. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि त्यावर या दोषाचा परिणाम होत नाही. म्हणूनच एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, जनुकीय कात्रीने त्यांतील एक नियंत्रक भाग निकामी करून हे गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या कॅसजेव्ही या उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकी नियामकाने तपासलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जण किमान वर्षभर तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले. किंमत मात्र तेथे 22 लाख डॉलर आहे आणि मज्जा रिकामी करणारे तीव्र औषध याही उपचारात टळत नाही. बिरसा मुंडा यांच्या नावाने ‘बिरसा 101’ असे संबोधलेला देशी जनुकीय उपचार दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेने विकसित केला असून तो पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमार्फत पुढे नेण्याचे नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. मात्र गावातील रुग्णापर्यंत तो पोहोचण्याआधी चाचण्यांचे टप्पे पार व्हावे लागतील.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. जे गर्भीय हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी एवढा खटाटोप होतो, तेच हायड्रॉक्सीयुरिया ही रोजची स्वस्त कॅप्सूल बऱ्याच रुग्णांत काही प्रमाणात वाढवते, वेदनांचे झटके कमी करते आणि तरीही दुखणे थांबले की ती परस्पर बंद केली जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती नियमित घेणे, रक्तपेशींची गणना वेळच्या वेळी करणे आणि अपत्याचा विचार असल्यास आधी डॉक्टरांना सांगणे, एवढी शिस्त पाळली तर रुग्ण भावी उपचारापर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचू शकतो. पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस चुकू नये. 101 अंश फॅरेनहाइटवर ताप गेल्यास, फिकेपणा अचानक वाढल्यास किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ज्या गावांचा रस्ता पावसात बंद होतो, तेथील पालकांनी जूनपूर्वीच डॉक्टरांकडून तापातील प्रतिजैविकाची मात्रा लिहून घेऊन औषध घरी ठेवावे. मे महिन्यातील तेंदूपत्ता तोडणी आणि चिखलपाण्यातील धानाची रोवणी ही दोन्ही कामे रुग्णाच्या वेदनांना निमंत्रण देतात. पहिलीत शरीरातील पाणी घटते, दुसरीत शरीर गारठते. रक्त केवळ अशक्तपणा वाटतो म्हणून चढवू नये, कारण वारंवारच्या रक्तामुळे शरीरात लोह साचते, परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढील रोपण अवघड होते.

सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा झिजतो, आणि नेमक्या अशाच रुग्णांना ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ देऊ करणाऱ्या जाहिराती गाठतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांतील रोपण वगळता मूळपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले गेले की पालकांनी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. बाळाच्या नाळेतील रक्त स्वतःसाठी खासगी पेढीत साठवण्याचा आग्रहही सिकलसेलच्या घरी निरर्थक ठरतो, कारण एसएस बाळाच्या त्या रक्तातही तोच दोष असतो. मात्र आधीचे मूल आजारी असेल आणि पुन्हा गर्भधारणा झाली असेल, तर येणाऱ्या भावंडाच्या नाळेतील रक्ताविषयी आणि त्याच्या एचएलए तपासणीविषयी रक्तविकारतज्ज्ञाशी प्रसूतीपूर्वीच बोलावे.